दार सोडायचं नाही

निवृत्त झाल्यापासून मला भेटणारा प्रत्येक पुरुष पहिला प्रश्न एकच विचारतो, "मग काय मॅडम, कधी विमान पडताबिडताना वाचलात की नाही?" आणि बायका जरा बाजूला घेऊन विचारतात, "लिपस्टिक कंपनी देते का गं?" कंपनी देत नाही. आपली आपण आणायची, रंग तेवढा कंपनी ठरवते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून ते इतकी वर्षं मी टाळत आले. आता दिवाळी अंकाच्या संपादकांनी "नोकरीतल्या गमतीजमती लिहा" असा आग्रह धरलाय, तर लिहून टाकते. गंमत किती निघेल ते तुम्हीच बघा.

मी शुभदा. जन्म ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समधला, सासर डोंबिवली पूर्वेचं, आणि आता मुलाने कोलशेतला फ्लॅट घेतलाय तिथे राहते. एका विमान कंपनीत एअर होस्टेस म्हणून लागले आणि केबिन इनचार्ज म्हणून बाहेर पडले. इनचार्ज म्हणजे कॉकपिटच्या दाराच्या अलीकडे जे काही घडेल त्याला जबाबदार बाई. चहा सांडला तरी माझ्याकडे बोट, आणि धूर निघाला तरी माझ्याकडे.

माणसं तर काय काय भेटली. एका वऱ्हाडातल्या काकांनी मला विमानाचं दार बंद करू दिलं नव्हतं. "दोन मिनिटं थांबा हो, राहुकाळ संपतोय," म्हणून हात जोडून उभे. मी त्यांना सांगितलं की काका, दार बंद झालं तरी विमान हलायला अजून वेळ आहे, तुमचा राहुकाळ जमिनीवरच संपेल. तेव्हा कुठे बसले. एका गृहस्थांना आकाशात गेल्यावर गरगरायला लागलं आणि ते म्हणाले, "जरा खिडकी उघडा ना, वारा येऊ दे." आणि डोंबिवलीच्या भाजीबाजारात एक जण मला दर आठवड्याला ओळख द्यायचे. शेवटी एकदा त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "तुम्ही आमच्या बँकेत कॅश काउंटरला होतात ना?" मी हो म्हटलं. ओल्या केसांचा बुचडा आणि हातात मेथीची जुडी असताना कुठे सगळं समजावत बसायचं.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे चहा, सँडविच आणि हसू. तसं वाटावं अशीच ती नोकरी रचलेली असते, त्यामुळे लोकांचा दोष नाही. पण आमचं खरं काम दाराचं. विमानात जितक्या मुली असतात तितक्यांना आपापलं दार नेमून दिलेलं असतं. काही विपरीत घडलं तर ते दार उघडायचं, बाहेर आग नाही ना बघायचं, घसरगुंडी फुगली की माणसांना ओरडून ओरडून बाहेर ढकलायचं. दीड मिनिटात सगळं विमान रिकामं व्हायला हवं. आमच्या ट्रेनिंगला एक बाई होत्या, आवाजाने फरशी पुसून निघेल अशा. त्या म्हणायच्या, "दार सोडायचं नाही. मागून तुझी आई हाक मारत असली तरी वळायचं नाही. तू वळलीस की दारात गर्दी तुंबली, आणि मग कुणाचीच आई बाहेर येत नाही." आम्ही विशीतल्या पोरी, खुसखुसून हसायचो.

विमान उडताना आणि उतरताना आम्ही तुमच्याकडे तोंड करून घडीच्या खुर्चीवर बसतो, दोन्ही हात मांडीखाली दाबून. तेव्हा आम्ही कुणाशी बोलत नाही. मनात उजळणी चालू असते. माझं दार कुठलं, हँडल कुठल्या बाजूला फिरतं, धूर झाला तर काय, माझ्या समोरच्या रांगांत उठू न शकणारं कोण आहे. प्रत्येक वेळी, रोज, दिवसातून चारदा उडालो तरी चारदा. एकदा समोर बसलेल्या एका आजोबांनी उतरताना मला विचारलेलं, "तुम्ही कुठलं स्तोत्र म्हणता?" मी म्हटलं, आमचं घरचं आहे.

आता सासूबाई. त्यांच्याशिवाय हे पुढे जात नाही.

माझ्या सासूबाईंना माझी नोकरी कधी आवडली नाही. वाईट बाई नव्हत्या हो. मुलगा माझा त्यांनीच वाढवला, मी चार चार दिवस बाहेर असताना त्याचा अभ्यास, ताप, दाढदुखी, सगळं त्यांनी बघितलं, आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण एवढी शिकलेली सून लोकांची उष्टी ताटं उचलते हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. शेजारी कुणी विचारलं तर सांगायच्या, "विमान कंपनीत आहे, ऑफिसात." मला ते ऐकू यायचं. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायचे, बाकी काय करणार.

नागपूरला माझ्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि सासूबाईंची कंबर नेमकी तेव्हाच धरली. रात्रभर गाडीत बसणं शक्यच नव्हतं. आम्ही सगळे मागे लागलो तेव्हा त्या विमानाला कशाबशा तयार झाल्या. मला स्टाफ तिकीट मिळत होतं. आणि मी काय केलं, तर एका मैत्रिणीबरोबर ड्युटी बदलून नेमकी त्याच विमानावर घेतली. घरी सांगितलं की त्यांना सोबत होईल. खरं कारण वेगळं होतं. मला मिरवायचं होतं. एकदा तरी त्यांनी मला माझ्या दारात, माझ्या हुद्द्यावर उभी बघावं, एवढीच इच्छा होती.

सुरुवात काही चांगली झाली नाही. ओटीसाठी घेतलेला नारळ सुरक्षा तपासणीत काढून ठेवायला लावला, तेव्हा त्या दारात आल्या त्याच तोंड फुगवून. मी हात जोडून "नमस्कार, स्वागत आहे" म्हटलं. त्या म्हणाल्या, "नारळ काढून घेतला मेल्यांनी," आणि आत गेल्या. झालं माझं मिरवणं.

स्टाफ तिकिटाला उरलेल्या जागा मिळतात, त्यामुळे त्या पार मागे, शेवटून दुसऱ्या रांगेत. मागची दोन दारं आणि मागची केबिन पूनमकडे होती. पूनम कळव्याची, माझ्याबरोबर वर्षानुवर्षं उडालेली, हाताखाली असावी तर अशी. ती पाचच मिनिटांत मला इंटरकॉमवर म्हणाली, "ताई, मागे या जरा. तुमच्या सासूबाईंच्या डोक्यावर बोंबील आहेत."

गेले. पलीकडच्या जागेवर कल्याणकडचे एक भोईर नावाचे गृहस्थ होते. पन्नाशीचे, अंगाने दणकट, गळ्यात जाड साखळी. नागपूरला लेक दिली होती, तिच्यासाठी सुके बोंबील घेऊन निघालेले. पिशवी नेमकी सासूबाईंच्या डोक्यावरच्या कप्प्यात. कोकणातल्या कडक शाकाहारी घरातल्या आमच्या सासूबाई नाकाला पदर लावून डोळे मिटून बसलेल्या, "शुभदा, बघ गं हे," म्हणत. मी भोईरांना म्हटलं, पिशवी अगदी मागच्या कप्प्यात हलवू या का.

"ताई, सुकी मच्छी हाय," ते शांतपणे म्हणाले. "जिवंत नाय. उडी मारून खाली नाय येनार."

"तरी पण वास येतोय ना दादा. बाकीच्यांचाही विचार करायला हवा."

"वास तर येनारच. वास नाय आला तर लेक बोलेल, बाबांनी काय आनला." एवढं बोलून उठले, एका हाताने ती भलीमोठी पिशवी उचलली आणि मी दाखवली तिथे नेऊन ठेवली. जाताना सासूबाईंना म्हणाले, "घ्या मावशी, सोडा नाक."

एक गोष्ट इथेच सांगते, कारण बाहेरच्यांना ती माहीत नसते. दारात आम्ही नमस्कार करतो तेव्हा आम्ही तुम्हाला निरखत असतो. कोण प्यायलेलं आहे, कोण आजारी आहे, कोणाच्या हातात बळ आहे, कोण एकटं आहे. वेळ आलीच तर प्रवाशांतूनच मदतनीस निवडायचे असतात आणि तेव्हा शोधायला सवड नसते. मदतनीस नेहमी एकटा प्रवास करणारा घ्यायचा. बरोबर बायकोमुलं असली की तो त्यांच्याकडेच धावणार, आणि धावलाच पाहिजे. शिवाय माझी स्वतःची एक कसोटी होती. भांडताना ज्याचा आवाज चढत नाही, तो माणूस कामाचा. भोईर माझ्या डोक्यात तेव्हाच नोंदले गेले.

विमान निघालं. धावलं, उचललं गेलं, खाली समुद्र आला. उडाल्यावर थोड्याच वेळात पोटाखालून घरघर येते, मग धप्प असा आवाज होतो आणि वाऱ्याचा घोंगाट एकदम कमी होतो. चाकं आत गेली, त्यांच्यावरची झाकणं मिटली. हा आवाज मी इतक्या वेळा ऐकलाय की स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी मोजावी तसा कान आपोआप तिकडे असतो. त्या दिवशी घरघर झाली, धप्पही झालं, पण घोंगाट काही थांबेना. पायाखाली डाव्या अंगाला थरथर लागत होती. मग पुन्हा घरघर. चाकं परत खाली. मी हात मांडीखालून काढले नाहीत. त्या वेळात कॉकपिटला फोन करून कॅप्टनला छळायचं नसतं, त्यांनाही ते कळलेलंच असतं. मागून पूनमने माझ्याकडे बघितलं, विमानाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत. मी मान हलवली, म्हणजे मीही ऐकलं.

थोड्या वेळाने कॅप्टन बत्रांनी मला बोलावलं. माझ्या मुलापेक्षा जेमतेम दहा-बारा वर्षांनी मोठे असतील, पण आवाज असा की दुधाचा भाव सांगताहेत. आमच्याकडे अशा वेळी माहिती द्यायची ठरलेली रीत आहे: काय झालंय, काय करणार आहोत, वेळ किती आहे, खास सूचना काय. आणि ऐकणाऱ्याने ते सगळं त्याच क्रमाने परत म्हणून दाखवायचं. डावीकडचं चाक वर गेलं नव्हतं. सगळी चाकं परत खाली घेतली, तर उरलेल्या दोन ठिकाणचे हिरवे दिवे लागले आणि डावीकडचा लागला नाही. म्हणजे चाक खाली आहे, पण ते पक्कं बसलंय की नाही याची खात्री नाही. नागपूरला जायचं नाही, मुंबईलाच उतरायचं. इंधन भरलेलं विमान जड असतं, म्हणून समुद्रावर तासभर चकरा मारून ते हलकं करायचं. केबिन आणीबाणीसाठी तयार करायची. मी सगळं परत म्हणून दाखवलं. माझा आवाज नीट होता, हे मला आठवतं, कारण मी स्वतःच तो लक्ष देऊन ऐकत होते.

घडीची खाट असते ना आपल्याकडे, पाहुणे आले की काढतो ती. तिचे पाय उघडले की शेवटी एक खटका बसतो. खटका बसला नसेल तर दिसायला खाट उभी असते, पण माणूस बसला की पाय दुमडतो. आमच्या विमानाचं तेवढंच झालेलं. खटका बसला असेल तर काहीच नाही. नसेल तर विमान एका बाजूवर टेकणार, पंख घासणार, ठिणग्या उडणार, आणि मग आम्हाला दारं उघडावी लागणार.

घोषणा मी तिन्ही भाषांत केली. "घाबरू नका" हे शब्द मी आयुष्यात कधी वापरले नाहीत. ते म्हटलं की ज्याच्या मनातही नसतं तो घाबरतो. काय झालंय ते सांगायचं आणि लगेच हाताला काम द्यायचं. सँडल काढा, पेन खिशातून काढा, चष्मा आणि दागिने पिशवीत ठेवा, समोरच्या खिशातला कागद वाचा. माणसं कामाला लागली. एक जण मात्र म्हणालाच, "मॅडम, चाकं खालीच आहेत तर तसंच नागपूरला चला की, तिकडे उतरायला चाकंच लागतात ना." मी त्याला सांगितलं की चाकं बाहेर ठेवून उडणं म्हणजे हँडब्रेक ओढून गाडी चालवणं, अर्ध्या वाटेत इंधन संपेल. ते त्याला पटलं आणि तो खिशातलं पेन काढायला लागला.

मग मागे गेले. मदतनीस नेमायचे होते.

सासूबाई त्या रांगेत सगळ्यांत वयस्क, कंबर धरलेली, आपल्या पायांनी पटकन उठणं अशक्य. माझं दार सगळ्यांत पुढे. त्यांच्या आणि माझ्यामध्ये सबंध विमान. पूनमचं दार जवळ होतं, पण पूनमही दार सोडणार नव्हती, आणि सोडलं असतं तर मीच तिच्यावर रिपोर्ट केला असता. मी भोईरांना त्यांच्या शेजारी बसवलं आणि सांगितलं, "दादा, या बाई आता तुमच्या. विमान थांबलं आणि आम्ही 'बाहेर पडा' असं ओरडलो तर यांचा पट्टा सोडायचा, उचलायचं आणि मागच्या दाराने न्यायचं. पिशवी घ्यायची नाही. कुणाची वाट बघायची नाही."

"नेतो ना. आमी हाव," ते म्हणाले. मग सासूबाईंकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघून विचारलं, "मघाशी तुमाला नावाने हाक मारली यांनी. तुमच्या कोन ह्या?"

"प्रवासी आहेत," मी म्हटलं.

सासूबाईंनी ते ऐकलं. माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या, न ऐकून जातील कुठे. त्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि मी भोईरांना पट्टा कसा सोडायचा ते दाखवत राहिले. लग्न होऊन आल्यापासून ज्या बाईला आई म्हटलं तिला तिच्यासमोर प्रवासी म्हणाले. पण दुसरं काही म्हणण्याची सोय नव्हती. आणि अजून एक काम उरलं होतं. कवळी.

तोंडात कवळी असेल तर ती काढायला लावायची, असा नियम. आदळलं तर घशात जाते. आणि आमच्या सासूबाईंना कवळीशिवाय त्यांच्या लेकानेही कधी बघितलेलं नव्हतं. मी सूचना सगळ्यांसाठी म्हणून मोठ्याने दिली आणि पुढे सरकले. मागून हाक आली, "शुभदा." मी वळले नाही. पूनमने सांभाळलं. नंतर तिनेच मला सांगितलं की सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यांसमोर?" तेव्हा भोईरांनी मान पलीकडच्या खिडकीकडे वळवली आणि म्हणाले, "मावशी, काढा तुमी. माझी लेक लहान असताना रोज मी असाच पाठ करून बसायचो, ती कपडे बदलायची तवा." सासूबाई आता नाहीत, म्हणून हे छापायला देतेय. असत्या तर हा परिच्छेद त्यांनी आधी खोडायला लावला असता.

तास संपला. आम्ही आपापल्या दाराशी बसलो. हात मांडीखाली, आणि माझी उजळणी सुरू. दार, हँडल, बाहेर आग, घसरगुंडी. समोरच्या रांगांत उठू न शकणारं कोण. इथे दरवेळी चेहरे बदलतात, त्या दिवशी तिथे एक गुजराती आजी आणि पायाला प्लास्टर घातलेला एक मुलगा होता. त्यांना कोण नेणार ते ठरलेलं होतं. मी उजळणी पुन्हा पहिल्यापासून केली. तिसऱ्यांदा केली. शेवटच्या रांगांपर्यंत मन जायला बघायचं आणि मी त्याला कान धरून परत पुढच्या दाराशी आणायचे. ते मला त्या तासातलं सगळ्यांत जड काम वाटलं. कॅप्टनने शेवटची सूचना दिली, आम्ही "खाली वाका, वाकून राहा" असं ओरडायला लागलो, आणि सबंध विमान वाकलं. माझ्या जागेवरून फक्त पाठी दिसत होत्या.

उजवं चाक टेकलं. मग कितीतरी वेळ डावं टेकेचना. कॅप्टन ते उचलून धरत होते, तान्हं पोर पाळण्यात ठेवावं इतक्या हलक्या हाताने. मग तेही टेकलं. विमान जरा डावीकडे झुकलं, सरळ झालं, धावत राहिलं, आणि थांबलं. माझा हात दाराच्या हँडलवर. बाहेर अग्निशामक गाड्या. स्पीकरवर आवाज आला, "क्रू, आपल्या जागी थांबा." म्हणजे दारं उघडायची नाहीत. म्हणजे खटका बसलेला होता. नंतर इंजिनियर लोकांनी सांगितलं की चाक खालीच अडकलं होतं, कुलूपही पक्कं होतं, दिव्यापर्यंत ती खबर पोचवणारी तार तेवढी खराब झालेली. त्यापुढचं मला विचारू नका.

शिडी लागली, माणसं आपापल्या पायांनी उतरली. कुणी हात मिळवला, कुणी उगाच हसलं, एकाने दारातच घरी फोन लावला. भोईर सासूबाईंचा दंड धरून आले. पिशवी घेतलेली नव्हती. "ती मागून घेतो," म्हणाले, "आधी ह्यांना खाली नेतो." सासूबाई पदराने तोंड झाकून माझ्यासमोरून गेल्या. माझ्याकडे बघितलं नाही. मी दोन्ही हात जोडून सगळ्यांना म्हणत होते तेच त्यांनाही म्हटलं, "सावकाश उतरा."

प्रवाशांसाठी संध्याकाळी दुसरं विमान होतं आणि ज्यांना नको त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळचं. सासूबाई म्हणाल्या, मला आज घरी ने. साखरपुडा परवा होता, त्यामुळे घाई नव्हती. आम्हा क्रूला जबानी देऊन झाल्यावर दोन दिवस जमिनीवर ठेवलं, तशी पद्धतच असते. कंपनीच्या गाडीत घरच्यांना बसवत नाहीत, पण त्या दिवशी कुणी हटकलं नाही. पुढे ड्रायव्हर, मागे मी, सासूबाई आणि पूनम. ठाण्यापर्यंत पूनमच बोलत होती. कळवा नाक्यावर ती उतरली, वाकून सासूबाईंच्या पाया पडली, आणि मागे आम्ही दोघीच उरलो.

मुंब्र्याच्या पुढे ट्रकांची रांग लागलेली. गाडी जागची हलेना. सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तो माणूस विचारत होता, मी तुझी कोण."

"हो."

"तू प्रवासी म्हणालीस."

"सासू म्हटलं असतं, तर त्याला वाटलं असतं मी तुम्हाला न्यायला येईन," मी म्हटलं. "तो माझी वाट बघत थांबला असता. तुम्हाला उचलायला त्याला क्षणाचाही उशीर व्हायला नको होता. म्हणून म्हणाले, आई. दुसरं काही मनात नव्हतं."

बाहेर कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलेलं. मग त्यांनी मान वळवली आणि विचारलं, "समजा आग लागली असती. तो माणूसही पळून गेला असता. मी मागे हाका मारत राहिले असते. तर तू आली असतीस?"

हो म्हणणं किती सोपं होतं. एवढा मोठा दिवस गेलेला, म्हातारं माणूस, कोणाला काय कळणार होतं. माझ्या तोंडात तो शब्द आलाही. पण ज्या बाईने माझा मुलगा वाढवला तिला मी विमानातला धीराचा आवाज ऐकवायला तयार नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "दार सोडता येत नाही, आई. माझ्यासमोर पन्नास-साठ माणसं असतात. मी आले नसते." आणि मग मी रडायला लागले, जे मी समुद्रावर तासभर रडले नव्हते. ड्रायव्हरने रेडिओ लावला.

पाठीवर हातबित फिरवणाऱ्यांतल्या सासूबाई नव्हत्याच. रांग थोडी हलली, परत थांबली. त्यांनी पर्समधून पाण्याची बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी पाणी प्यायले, नाक पुसलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "उद्याचं तिकीट रद्द करते. ह्यांना सांगू या गाडीने सोडायला, सावकाश, थांबत थांबत."

"कशाला? उद्या विमानानेच जायचं."

"उद्या मला ड्युटी नाही. सगळी क्रू वेगळी असेल, आई. तुमच्या ओळखीचं कुणी नसेल."

"म्हणून तर विचारलं तुला," सासूबाई म्हणाल्या. "तू हो म्हणाली असतीस, तर मी उद्या पाय ठेवला नसता विमानात. उद्याच्या दारात काही माझी सून उभी नसणार."